आधी चाख, मंग बोल

भोजराजभाऊंच्या दुकानात पाऊल टाकलं की आधी तोंड उघडावं लागे, आणि तेही बोलण्यासाठी नव्हे. गिऱ्हाईक पायरी चढतंय न चढतंय तोच ते सुरीच्या टोकावर कशाचा तरी तुकडा घेऊन पुढे करायचे. कधी चीजचा, कधी उन्हात वाळवून तेलात मुरवलेल्या टोमॅटोचा, कधी नुसत्याच पावाचा. समोरचा माणूस पत्ता विचारायला आलेला असो की गणपतीची वर्गणी मागायला, त्याची सुटका नसे. "आधी चाख, मंग बोल," हे त्यांचं वाक्य. चाखल्याशिवाय ते कोणाला काही विकत नसत. एखादा घाईत म्हणायचा, "भाऊ, पावभर बांधून द्या, निघतो," की ते तराजूवरचा हात काढून घेत. "आन् घरी जाऊन तुले आवडलं नाई तं? मले शिव्या देशील ना बे. खाय आधी." मग तो बिचारा उभ्या उभ्या खायचा आणि भाऊ त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत राहायचे.

गोंदियात, १९९९ साली, इटालियन खाण्याचं दुकान! आजही कोणाला सांगितलं तर आधी हसू येतं. बाजारातून रेल्वे लाइनकडे जाणाऱ्या आमच्या गल्लीत एक पोह्यांचा दुकानदार, एक सायकल दुरुस्तीवाला, दोन किराणावाले, आणि मधोमध ही इटली. पेंटरने पाटीवर 'इटालियन' हा शब्द तीनदा पुसून लिहिला होता. आत छताला लसणाच्या माळा टांगलेल्या, आणि त्यांच्या शेजारी दुधी भोपळ्याच्या आकाराची चीजं सुतळीने बांधून लोंबत असत. बऱ्याच जणांना वाटे, ती नजर लागू नये म्हणून टांगली आहेत.

माझी जागा त्यांच्या दुकानाच्या अगदी समोर होती. माझा पानठेला होता. मी बी.ए. झालेली बाई, पण आमच्या यांच्या ऑटोवर घर चालत नव्हतं, आणि नोकरी कोणी देत नव्हतं, म्हणून बसले ठेल्यावर. पान नावालाच. दिवसभर मी खर्रा घोटत असे. बारीक सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीवर टाकून तळहाताने घोटत राहायचं, सगळं एकजीव होईपर्यंत, की झाला खर्रा. आमच्याकडे जेवण चुकलं तर चालतं, खर्रा चुकत नाही. भोजराजभाऊंचे रोजचे तीन खर्रे मीच घोटून दिले, अकरा वर्षं. हे सुरुवातीलाच सांगून टाकते. मागाहून सांगितलं तर तुम्ही म्हणाल, बाईने लपवलं.

भाऊ गोंदियाजवळच्या बिरसीकडचे. जातीचे पोवार, घरची धानाची शेती, तिघा भावांत धाकटे. "आमचे पूर्वज माळव्यातून इकडे आले, मी जरासा पुढे गेलो," असं ते म्हणायचे. पुढे म्हणजे किती, तर मुंबईला जाऊन एका बोटीवर भांडी घासायला लागले, बोटीवरच स्वयंपाक शिकले, आणि ती बोट एकदा दुरुस्तीला म्हणून इटलीतल्या जेनोवा बंदरात अडकली तेव्हा तिथेच उतरले. तिथे एका गल्लीत तेरेसा नावाच्या म्हाताऱ्या विधवेचं खाण्याच्या जिनसांचं दुकान होतं. तिने यांना ठेवून घेतलं. एकोणीस वर्षं भाऊ त्या दुकानात होते. तेरेसामाय म्हणायचे तिला.

दुपारी गल्ली शांत झाली की भाऊ माझ्या ठेल्याच्या बाकावर येऊन बसत आणि त्या दुकानाच्या गोष्टी सांगत. गल्ली म्हणे इतकी अरुंद, की पोळ्याच्या दिवशी दोन बैलजोड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागे फिरावं लागेल. बायका रोज सकाळी कापडी पिशवी घेऊन येत, आणि फक्त त्या दिवसापुरतं घेत. इवलंसं चीज, चार ऑलिव्ह, पावाचा एक तुकडा. तेवढ्यासाठी अर्धा तास भांडत. पेस्तो नावाच्या हिरव्या चटणीत लसूण किती घालायचा यावरून दोन सख्ख्या बहिणींनी एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. "तिथं दुकानात जाणं म्हणजे सामान आणणं नोहोय वो बाई," भाऊ म्हणायचे. "आपून जिते आहो हे सांगाले जाणं होय ते. एक म्हातारा तीन दिवस आला नाई, तं तेरेसामायनं दुकान बंद केलं न् गंजभर सूप घेऊन त्याच्या घरी गेली. असं दुकान पाह्यजे आपल्या गावात."

ते 'आपल्या गावात' फार वेळा म्हणायचे. तेरेसामाय गेली, तिच्या भाच्याने दुकान मोडून तिथे फोन विकायला सुरुवात केली, आणि भाऊ परत आले. तोवर दर दोन-तीन वर्षांनी महिनाभर येऊन जात. फुलवंतावहिनी, त्यांच्या बायको, इतकी वर्षं गावी सासू-सासऱ्यांचं करत, म्हशी राखत राहिल्या होत्या. मूलबाळ नव्हतं. वहिनी कमी बोलायच्या आणि बोलल्या की टोकदार. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "एकोणीस साल त्या बुढीले जेवू घातलं, आता आमाले घालून राहिले."

पण खरंच, भाऊंना तेवढंच हवं होतं. आपल्या माणसांनी आपल्या हातचं खावं. दुसरी कसलीही हाव त्या माणसाला नव्हती, आणि ती एक हाव आम्ही पुरी होऊ दिली नाही.

उद्घाटनाच्या दिवशी सगळे सोयरे बोलावले होते. भाऊंनी रिझोत्तो केला. मोठ्या गंजात जाडा तांदूळ परतायचा, पळीपळीने गरम रस्सा घालायचा आणि हलवत राहायचं, हलवत राहायचं, तांदळाचा चीक सुटून सगळं लोण्यासारखं होईस्तोवर. त्याला बारीक तांदूळ चालतच नाही. पण आमच्याकडे पाहुण्याला बारीक चिन्नोरचा भात वाढतात. ताटात शीत न् शीत मोकळं दिसायला हवं आणि वास ओसरीपर्यंत यायला हवा. जाडा तांदूळ कोणाला, तर गड्यामाणसांना. आणि ओला भात कोणाला, तर तापाने पडलेल्याला. ताटं वाढली आणि पंगतीत सगळे एकमेकांच्या ताटांकडे बघू लागले. भाऊंचे थोरले भाऊ म्हणाले, "भोजराज, आमी काय बिमार आहो का गा? हे कायले वाढून राहिला?"

"दादा, चाखून तं पाहा जी," भाऊ म्हणाले.

"पाहून राहिलो ना. एवढा फॉरेन राहून आला, न् सोयऱ्यायले जाडे तांदूळ!"

ते उठले. ते उठले तसे सगळे उठले. हात धुवायच्या बादलीपाशी गर्दी झाली. वहिनी पदर तोंडाला लावून भिंतीशी उभ्या होत्या. भाऊ गंजापाशी गेले आणि उभ्यानेच पळीने खायला लागले. मी समोरून बघत होते, आणि खरं सांगायचं तर मलाही तेव्हा हसू आलं.

पुढे मात्र मी रोज खाऊ लागले. अकराच्या सुमाराला ते पळसाच्या पानावर काहीतरी घेऊन रस्ता ओलांडत, आणि मी घोटलेली पुडी त्यांच्या हातात ठेवी. आमचा हा नेम होता. मला खायची हौस, आणि त्यांना खाणाऱ्या माणसाचं तोंड बघायची. मी तोंड वाकडं केलं तरी त्यांना चालायचं. "काऊन? आंबट झालं? सांग ना वो, तोंडात बसलं नाई का?" असं विचारून विचारून ते माझ्याकडून एकेक चव वदवून घेत. बी.ए.ला मी मराठी घेऊन पास झाले, पण चवीसाठी इतके शब्द असतात हे मला या पोवाराने शिकवलं.

एकदा तर मोहल्ल्यातल्या बायका त्यांच्या दारात भांडायला जमल्या. झालं असं, की एक बाई सोमवारी नागऱ्याला महादेवाचं दर्शन घेऊन परत येत होती, आणि तिने पाहिलं की भाऊ खलबत्त्यात तुळस आणि लसूण एकत्र कुटतायत. बाप रे! तुळस, आणि लसूण! अर्ध्या तासात दहा-बाराजणी गोळा. "तुमाले काई लाज आहे का नाई जी? कोणता धरम घेऊन आले तिकडून?" भाऊ शांतपणे मागे गेले आणि तेलाच्या डब्यात लावलेलं एक रोप उचलून घेऊन आले. "तुळस नोहोय माय. सब्जा होय हा. फालुद्यात बी खाता ना याचं? घ्या, वास घेऊन पाहा." वास घेतला सगळ्यांनी, ओशाळल्याही. भाऊंनी लगेच सुरीच्या टोकावर ती हिरवी चटणी पुढे केली. त्यात ते तिकडच्या महाग बियांऐवजी आपल्या जंगलातली चारोळी घालत. एकीनेही चाखली नाही. "उपास आहे," म्हणाल्या. सगळ्यांनाच कसा उपास होता देव जाणे!

हातवळणीच्या पास्त्याचंही तेच. मोहल्ल्यातल्या दोन बायकांना त्यांनी मदतीला बोलावलं. त्या बघताक्षणी म्हणाल्या, "हे तं सरगुंडेच होय!" आणि काडीवर कणीक वळून इतक्या भराभर केले की भाऊ बघतच राहिले. आनंदाने त्यांचे डोळे मोठे झाले. त्यांना वाटलं, आता तर हे आपल्या लोकांचंच निघालं, आता खातील. तर बायका म्हणाल्या, "सरगुंडे आमरसासंगं खातेत भाऊ. त्याच्यावर टमाट्याचा रस्सा कोन टाकते?" उन्हाळ्यात खाटेवर जुनं पातळ झाकून भाऊ टोमॅटो वाळवत, तेव्हा शेजारीच त्या बायकांच्या कुरडया वाळत असायच्या. काम सारखं, ऊन सारखं. पण त्यांचं ते आपलं, आणि यांचं ते परकं.

दुकान चाललं ते रेल्वेचा एखादा बदलून आलेला साहेब, दोन बंगाली घरं आणि एक डॉक्टरीणबाई यांच्यावर, आणि हॉटेलांना पनीर पुरवण्यावर. दूध वहिनींच्या म्हशींचं. पण भाऊ कधी कडू झाले नाहीत. गावाला त्यांनी एकदाही नावं ठेवली नाहीत. मी चिडायचे. "भाऊ, या गाढवांना गुळाची चव काय? कशाला जीव काढता?" असं म्हटलं की ते खर्रा गालात सरकवून हसत. "येतीन बाई, येतीन. घाई कायले? तेरेसामाय म्हणे, मानसाची जीभ सगळ्यात शेवटी घर बदलते."

मग आली बिरसीची पोरं. तिथला विमानतळ जुनाच, पण आता तिथे विमान चालवायला शिकवू लागले आणि कुठून कुठून मुलंमुली आली. कोण दिल्लीचं, कोण केरळचं. एका रविवारी पाच-सहाजण गल्लीत चुकून शिरली. भाऊंनी सवयीने सुरी पुढे केली. एका उंच पोरीने तो जाड पाव खाल्ला, ज्याला ते फोकाच्चा म्हणत, आणि डोळे मिटले. "अंकल, ये तो बिलकुल वही है! मैं गई हूँ वहाँ. ये आप यहाँ बनाते हो? गोंदिया में?"

भाऊ आत गेले ते बराच वेळ बाहेर आले नाहीत. आले तेव्हा तोंड धुतलेलं होतं. पुढच्या रविवारी त्यांनी वहिनींना गावाहून मुद्दाम आणलं, खुर्चीवर बसवलं, आणि पोरं आली तशी हळूच म्हणाले, "पाह्य, खाऊन राहिले." वहिनींनी पाहिलं. "तुमचे सोयरे थोडीच होत ते," म्हणाल्या, पण पुढच्या प्रत्येक रविवारी त्या आल्या.

ती दोन वर्षं भाऊंची. देवाने निदान पाच तरी द्यायची होती.

आधी त्यांना तिखट लागेना झालं, म्हणजे सहन होईना. गालात आग होते म्हणायचे. मग तोंड पुरतं उघडेना. पूर्वी ते गिऱ्हाइकाला दाखवायला आ करून मोठा घास घेत, आता पावाचे बारीक तुकडे मोडून ओठांतून सरकवू लागले. मी विचारलं तर म्हणाले, "दाढ आहे." मी मानलं. मानणं सोयीचं होतं. माझ्या ठेल्यावर येणाऱ्या अर्ध्या माणसांची तोंडं तशीच मिटत चालली होती, आणि मी रोज त्यांनाच घोटून देत होते. मला कळत नव्हतं असं म्हणायला माझी जीभ धजत नाही.

मग एके दिवशी पळसाच्या पानावर फोकाच्चा आला आणि पहिल्या घासालाच माझं तोंड खारट झालं. भाऊ समोर उभे, माझ्याकडे बघत.

"कसा आहे?"

"छान," मी म्हणाले.

का म्हणाले? त्यांचं तोंड उतरलेलं होतं, दाढ दुखत होती, वाटलं आज जाऊ दे. दुसऱ्या दिवशीही खारट. तिसऱ्या दिवशी चीजसुद्धा. मी छान, छान म्हणत गेले आणि ते गेले की तुकडा गाईपुढे टाकत गेले. रविवारी पोरं आली. एकेक घास घेऊन त्यांनी बशा सरकवल्या, सभ्यपणे "अंकल, आज भूख नहीं है" म्हणाली आणि निघून गेली. भाऊंनी एक उरलेला तुकडा तोंडात घातला, चघळत राहिले, मग दुसरा घातला. त्यांना काहीच लागत नव्हतं. ते रस्ता ओलांडून माझ्याकडे आले.

"बाई, तू तं रोज खाऊन राहिली होती. खारट होतं ना?"

मी मान खाली घातली.

"चाखून खोटं बोलू नाई वो," ते म्हणाले. आवाज चढवला नाही. तो चढवला असता तर मला बरं वाटलं असतं.

नागपूरच्या दवाखान्यात नेलं. अर्धी जीभ काढावी लागली. सगळी खायची दुनिया पुढ्यात मांडून बसलेला तो माणूस, आणि त्याची जीभ! मी तेव्हा देवाला काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही. देवाला बोलणं सोपं असतं. त्याने थोडाच खर्रा घोटला होता?

परत आले ते नाकातून नळी लावून. बोलणं अर्धं-मुर्धं, फक्त वहिनींना आणि मला कळेल असं. आम्हाला वाटलं दुकान बंद होईल. आठव्या दिवशी सकाळी शटर वर गेलं. भाऊ आत उभे, कणीक मळत होते. अकरा वाजता ते रस्ता ओलांडून आले नाहीत, हाताने मला बोलावलं. मी गेले तर त्यांनी चमचा माझ्या तोंडापाशी धरला आणि भुवया वर केल्या.

"मीठ कमी आहे," मी म्हणाले.

त्यांनी चिमूटभर घातलं. पुन्हा चमचा.

"आता बरोबर. पण लसूण पुढे येतोय."

त्यांनी मान हलवली. त्या दिवसापासून भाऊंची जीभ मी झाले. सात महिने. मी कधी खोटं बोलले नाही. नासलेलं नासलेलं म्हणाले, चुकलेलं चुकलेलं म्हणाले, ते ऐकताना त्यांचा चेहरा पडला तरीही. आणि या सात महिन्यांत माझा ठेला सुरूच होता हेही लिहिते. आमच्या यांच्या ऑटोचं काम निघालं होतं, घरात दुसरं काही येत नव्हतं. त्यांच्या दारातून माझ्या दारात यायचं, हात धुवायचे आणि पन्नी पुढे ओढायची. भाऊ समोरून बघायचे.

शेवटी शेवटी एका दुपारी त्यांनी पुन्हा तो रिझोत्तो केला. उभं राहवत नव्हतं, स्टुलावर बसून हलवत होते. वहिनींनी पळी घ्यायला हात पुढे केला तर तो बाजूला सारला. झाल्यावर दोन ताटं वाढली, एक माझं, एक वहिनींचं. वहिनींनी तो कधीच खाल्ला नव्हता. उद्घाटनाच्या त्या पंगतीपासून त्यांनी त्याचं नावही काढू दिलं नव्हतं. आता त्या खाली मांडी घालून बसल्या आणि हाताने खायला लागल्या. सगळा खाल्ला. ताट पुसून खाल्लं. भाऊ नळी लावलेल्या चेहऱ्याने त्यांच्याकडे बघत होते, आणि वहिनी खाता खाता बोलल्या, "इतके साल कायले उपाशी ठेवलं मले तुमी?" उपाशी त्याच राहिल्या होत्या, आपल्या हट्टापायी. पण बोल भाऊंनाच लावला. भाऊ हसले. हसणं म्हणजे काय, डोळ्यांच्या कडा हलल्या.

धान कापणीच्या दिवसांत भाऊ गेले. गावच्या घरी. तेरवीला सगळे सोयरे होते, पांढरा मोकळा चिन्नोर भात होता, थोरले भाऊ सगळ्यांना आग्रह करत होते. कोणीतरी म्हणालं, "भोजराजचा हात चांगला होता." मी ताटावरून उठून मागच्या अंगणात गेले, कारण मी तिथे थांबले असते तर त्या माणसाच्या अंगावर ताट फेकलं असतं.

आता जे टाळत आले ते सांगते. उद्घाटनाच्या दिवसाची एक गोष्ट मी वर गाळली, मुद्दाम गाळली.

त्या दिवशी सोयरे गेल्यावर, संध्याकाळी भाऊ माझ्या ठेल्याशी आले. तिथे त्यांचेच लहानपणचे सोबती उभे होते, त्या भातावरून हसत होते. भाऊ आले तसे त्यांनी तोंडं फिरवली. कोणी बाकावर सरकून जागा दिली नाही. भाऊ उगाच उभे राहिले, परक्या गावच्या स्टँडवर माणूस उभा राहतो तसे. मला ते बघवलं नाही, किंवा मला माझी अक्कल दाखवायची होती, आता सांगता येत नाही. मी एक खर्रा छान बारीक घोटला आणि पुढे केला. "घ्या इटलीवाले! दिवसभर आम्हाला चाखा चाखा केलं, आता आमचं चाखा."

"मी खात नाई वो बाई," ते म्हणाले. जन्मात तंबाखू खाल्ली नव्हती त्यांनी. जीभ मरते म्हणून तेरेसामायने सिगरेटसुद्धा ओढू दिली नव्हती.

"हं! म्हणजे साहेब झालात. आमच्या हातचं कसं चालेल!"

सगळे हसले. भाऊंनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि पुडी घेऊन गालात टाकली. ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. कोणीतरी पाठीवर थाप मारली. "आला बे आपला भोज्या!" आणि बाकावर जागा झाली.

आम्ही त्यांचं काहीएक खाल्लं नाही. त्यांनी मात्र आमचं खाल्लं.

तेरवीनंतर महिन्याने मी गावी गेले, वहिनींना हे सांगायला. त्यांनी मला शिव्या द्याव्यात, वाटलं तर दोन थोबाडीत माराव्यात, एवढी तयारी करून गेले होते. वहिनी अंगणात धान वाळत घालून पायाने फिरवत होत्या. मी ओसरीच्या कडेला उभी राहून सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता. त्यांचे पाय थांबले नाहीत.

"मले मालूम आहे," त्या म्हणाल्या. "नागपूरले डॉक्टरनं विचारलं, हे कधीपासून खाता? कोनं लावलं? तं म्हणाले, लहानपणापासून खातो जी, आमच्या इकडे सारेच खातेत. मी बाहेर आल्यावर बोलली त्यायले, काऊन खोटं बोलले? सीधं नाव सांगा ना त्या बाईचं." वहिनींनी वाकून धानातला एक खडा उचलून बाजूला टाकला. "तं म्हणे, त्या दिवशी साऱ्या गावात त्या एकटीनं मले आपल्यात घेतलं. तिचं नाव कायले सांगू?"

मी तिथेच खाली बसले आणि मोठ्याने रडले. वहिनींनी मला गप्प केलं नाही. त्या धान फिरवत राहिल्या.